बारावी पटाशी

"आज तुरुंगातून सुटायचा होता हो माझा भाऊ!" दारातच बहीण रडू लागली. "सकाळी त्याच्या गादीखाली सुतारकामाची धारदार पटाशी सापडली. चांगल्या वागणुकीची सूट गेली, आणखी दोन वर्षं वाढली. आई तेवढी टिकायची नाही."

हेरबाईंनी पायात चपला सरकवल्या. मागोमाग त्यांचे दीर निघाले. भाऊजींची अक्कल बेताची, पण सोबत पक्की.

तुरुंगातला शिपाई घडाघडा बोलला. "सुटणाऱ्याची सकाळी सहाला झडती घेतोच आम्ही. आदल्या संध्याकाळी कारखान्यातून आले की बराकीला कुलूप. काल नंतर फक्त सुतारमास्तर आले, त्याला निरोपाचा सदरा द्यायला. गादीवर बसून रडले बिचारे."

मास्तर कारखान्यात एका अर्धवट खुर्चीजवळ उभे होते.

"न्यायाधीशांची," ते म्हणाले. "जुनं न्यायालय पाडलं, नवं या सामानासाठी अडलंय. वरून रोज विचारणा होते. नक्षी त्या सुटणाऱ्याच्याच हातची, बाकीचे नुसते लाकूड फाडतात."

"हत्यारं मोजता?"

"रोज! फळीवर प्रत्येकाची आकृती रंगवलीय. ती भरल्याशिवाय एकही कैदी बाहेर जात नाही. कालही बाराच्या बारा पटाश्या होत्या. मग कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. वीस वर्षांत चूक नाही."

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, कैदी बेरकी असतात. आणली असेल लपवून."

"मोजणीच्या वेळी पटाशी फळीवर होती ना, भाऊजी?"

अधीक्षकांच्या खोलीत हेरबाईंनी सगळ्यांना बसवलं.

"कैदी रिकाम्या हातांनी बाहेर पडले. पटाशी निघाली ती नंतर, आणि किल्ली एकाच माणसाकडे. बराकीतही नंतर तोच गेला. मास्तर, 'मोजताना चुकलो असेन' एवढं म्हणाला असतात, तरी निसटला असतात. पण अभिमान आडवा आला. तुरुंगाने त्या कैद्याला सुधारून कारागीर केलं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं: तो सुटला असता तर तुमच्या खुर्च्या अडल्या असत्या."

मास्तरांनी मान खाली घातली. "महिनाभर अडकेल वाटलं होतं. दोन वर्षं जातील असं नव्हतं वाटलं."

बहिणीने अधीक्षकांपुढे हात जोडले. "मग सोडा ना त्याला!"

"बाई, मला पटलंय. मास्तरांवर कारवाई होईल. पण शिक्षा वाढवल्याचा हुकूम वर गेला, तो आता न्यायालयच रद्द करणार."

"कधी?"

अधीक्षक खिडकीबाहेर बघू लागले. "नवी इमारत सुरू झाली की. सामान पूर्ण झालं की."

भाऊजींनासुद्धा ते कळलं.

बहिणीने पदराने डोळे पुसले. "मग त्याला निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, राग गिळ आणि भराभर हात चालव."