आतल्या बाजूचं हँडल

कुलपं दुरुस्त करणारा अर्विड नीबर्ग अमेरिकेतल्या दुलुथ शहरात टेकडीवरल्या वृद्धाश्रमात पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बाहेर बर्फ भुरभुरत होता. काम किरकोळ होतं, पूर्वेकडच्या विभागाच्या दाराला नवं हँडल बसवायचं. त्या दारातून आत यायला कार्ड लागे; आतून मात्र नुसतं हँडल दाबलं की दार उघडलंच पाहिजे, असा नियम.

हा नियम अर्विडने एकदा मोडला होता. भान हरपलेली म्हातारी माणसं थंडीत बाहेर निघून जातात म्हणून व्यवस्थापकाने गळ घातली आणि त्याने हँडल कुलपाला जोडणारी आतली सळई काढून घेतली. हँडल खाली जाई, दार उघडत नसे. गेल्या हिवाळ्यात विभागात धूर भरला. सातजणांचे मृतदेह या दारापाशीच सापडले. चौकशीत ठपका जुनाट कुलपावर आला. अर्विड गप्प राहिला.

"फार वेळ थांबू नका आत," नर्स डोरीन म्हणाली. "रंग दिलाय, तरी वास जात नाही."

दार मागे लागलं. नवं हँडल बसवून त्याने दाबलं. खट्. उघडलं. पुन्हा दाबलं. उघडलं. तिसऱ्यांदा त्याच्या हातावर कुणाचा तरी हात आला. सैल कातडी, गार बोटं. त्यावर आणखी एक हात... मग आणखी. सगळे मिळून दाबत होते, सावकाश, रोजची सवय असल्यासारखे. हँडल खाली गेलं. दार उघडलं नाही.

"मीच काढली होती सळई..." तो पुटपुटला. हात तसेच राहिले.

अखेर डोरीनने बाहेरून उघडलं. "केव्हाची हाका मारतेय." तिने आत येऊन एका बोटाने हँडल दाबलं. दार उघडलं. "चांगलं चालतंय की."

त्या संध्याकाळी तो न्हाणीघरात अडकला. "अरे, कडी तर लावलेलीच नव्हती!" बायको मार्गिट बाहेरून दार उघडत म्हणाली. मग गाडीचं दार, दुकानाचं, चर्चचं. आतून त्याच्या हाताला एकही दार उघडेना. त्याने डोरीनला फोन करून सगळं कबूल केलं.

ती म्हणाली, "आता मला सांगून काय उपयोग..."

मार्गिट होती तोवर प्रत्येक दार तिने उघडलं. वसंतात ती वारली.

आता अर्विड झोपताना दारं सताड उघडी ठेवतो, प्रत्येक दाराला वीट लावून. सकाळी दारं लागलेली असतात आणि विटा त्याच्या पांघरुणावर, पायाशी, नीट रचलेल्या. बाहेरून दार उघडायला शेजारीण येईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत बसतो. विटा कोमट असतात, आणि त्यांना धुराचा वास येतो.