आपलं माणूस, चेहरा न दाखवता

"ओ मॅडम, जरा बाजूला होता का? तुमची सावली येतेय."

आवाज खालून आला. काशीमीऱ्याच्या नाक्यावर, भर दुपारी, इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा रस्त्याकडेला गुडघे टेकून बसला होता. समोर पंक्चर झालेला ट्रक. ट्रकच्या चाकापुढे मोबाइल धरून साहेब एक डोळा मिटून बघत होते.

"सावली माझी आहे आणि रस्ता सरकारचा," मी म्हणाले. "तुम्हीच हला."

"मी हललो तर फोटो हलेल."

"हलू दे की. कलात्मक वाटेल."

त्याने वर पाहिलं... आणि हसला. गालावर ग्रीसचा हा एवढा डाग! मी बघत राहिले आणि माझी बस मला न घेता निघून गेली. त्या बसचं मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही. आता वाटतं.

"चाकाचा फोटो... मोबाइलगिरीला पाठवताय की काय?" मी विचारलं.

तो ताडकन उभाच राहिला. "तुम्हाला कसं माहीत?"

दोन हजार आठ साल होतं. 'पारकट्टा' नावाच्या एका मराठी वेबसाइटवर आम्ही रिकामटेकडी मंडळी ऑफिसच्या वेळात गप्पा मारायचो. तिथं दर महिन्याला 'मोबाइलगिरी' चालायची. फोटो मोबाइलवरच काढलेला हवा, कॉम्प्युटरवर रंगरंगोटी चालणार नाही. सगळ्यांच्या मोबाइलला कॅमेरे कसले, तर दोन मेगापिक्सेलचे... संध्याकाळनंतर काढलेला प्रत्येक फोटो भुताचा वाटायचा. बक्षीस काही नाही. मान एवढाच, की जो जिंकेल त्याने पुढच्या फेरीचा विषय द्यायचा आणि परीक्षक व्हायचं. डोंबिवलीच्या वासंतीताई फोटो गोळा करून, नावं काढून, नुसते नंबर घालून सगळ्यांसाठी लावायच्या. परीक्षकाने प्रत्येक फोटोवर चार ओळी लिहायच्या, आणि निकाल लागला की विजेत्याला स्वतः फोन करून अभिनंदन करायचं, पुढच्या फेरीची सूत्रं द्यायची. ही आमची रीत होती आणि ती कुणी मोडत नसे.

त्या महिन्याचा विषय होता 'चाक'.

"मी तिखटमीठ," मी माझं तिथलं नाव सांगितलं.

"बाप रे! 'कणीस बरं भाजलंय, फोटो कच्चा आहे' असं लिहिणारी?"

"म्हणजे तुम्ही उनाड!"

"पराग. उनाड फक्त नेटवर. इथं टायर विकतो." त्याने खिशातून रुमाल काढला आणि नेमका दुसरा गाल पुसला. "गेला डाग?"

"गेला," मी म्हणाले. आमच्यातलं पहिलं खोटं माझंच होतं, पण फार गोड होतं हो.

मग काय... माझं ऑफिस ट्रान्सपोर्टवाल्याचं, त्याची गिऱ्हाइकं सगळी नाक्यावरच्या गॅरेजांत. रोज काही ना काही काम निघायचं. गॅरेजांच्या ओळीत एक चहावाला होता, त्याच्या बाकड्यावर बसून आम्ही एकमेकांच्या फोटोंची सालटी काढायचो. मी नेहमी उशिरा पोचायचे. तो माझ्यासाठीही कटिंग चहा मागवून ठेवायचा आणि तो निवून जायचा.

एकदा मी त्याला घरी नेलं. आम्ही वरळीची चाळ सोडून मीरा रोडला आलेलो. मूळचे चिपळूणकडचे, हॉलमध्ये शिरलं की समोर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पराग त्या भिंतीकडे क्षणभर बघत राहिला, मग बाबांच्या पाया पडला. बाबा संकोचले. "अरे, पाया कसले पडतोस? बस. चहा घे."

आमच्याकडे एक गंमत आहे. आई सगळ्यांना चहा देऊन स्वतः शेवटी येते, तोवर तिचा निवलेला असतो. म्हणून बाबा तिच्या काचेच्या ग्लासवर मारी बिस्किटाचं झाकण ठेवतात. ग्लासच्या तोंडावर ते बरोब्बर बसतं. चहा गरम राहतो आणि बिस्किट वाफेने मऊ होतं. आईचे दात दुखतात, तेही साधतं. पराग ते बघून इतका खूश झाला! दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोचले तर माझ्या कटिंगवर मारी बिस्किट.

"मॅडम, ये देखो," चहावाला म्हणाला, "साब ने आपकी चाय को टोपी पहनाई है."

मी त्या दिवशी प्रेमात पडले. त्याआधीही पडले असेन, पण कळलं त्या दिवशी.

"तुझ्या घरी कधी नेतोस?" मी विचारायचे.

"नेणार ना... आईचं बीपी जरा नॉर्मल येऊ दे. मग विषय काढतो."

तो भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहायचा. त्याच्या बाल्कनीचे फोटो तो मला पाठवायचा — हिरवं ग्रिल, कोपऱ्यात फुटक्या टबातला गवती चहा, निळा रंग उडालेली भिंत. मला ती बाल्कनी पाठ होती. बिल्डिंगखालून कितीदा गेले, मान वर करून बघितलं. वर कधी गेले नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, त्याच्या आईचं बीपी काही नॉर्मलला येईना.

थंडीत मी मोबाइलगिरीची एक फेरी जिंकले आणि परीक्षक झाले. विषय दिला — 'आपलं माणूस, चेहरा न दाखवता'.

"हा विषय कुणासाठी?" परागने डोळे बारीक करून विचारलं.

"सगळ्यांसाठी. वशिला चालणार नाही हं."

"नावं कुठं दिसणारेत तुला?"

"तुझा फोटो मी हजारात ओळखीन."

"पैज?"

"पैज!"

फोटो लागले. कुणाच्या आजीची काठी, कुणाच्या नवऱ्याचं हेल्मेट. तीन नंबरला वर्तमानपत्रावर ठेवलेला चष्मा होता, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाहून काढलेला. मी लिहिलं, 'चष्म्याजवळ जायला फोटोग्राफर घाबरला आहे.'

आणि पाच नंबर. हिरवं ग्रिल. गवती चहा. कठड्यावर चहाचे दोन ग्लास, सकाळचं कोवळं ऊन... एक ग्लास उघडा. दुसऱ्यावर मारी बिस्किट.

मी ऑफिसात तोंडावर हात ठेवून हसले. डोळे भरून आले. वेड्या, सगळ्या जगासमोर सांगतोस होय! बाल्कनीत माझा चहा झाकून ठेवलाय, फक्त मी यायची राहिलेय, असंच सांगत होता ना तो फोटो? मी मनापासून लिहिलं — 'काहीजण उशिरा येणाऱ्यावर रागावतात. इथं कुणीतरी त्याचा चहा झाकून ठेवला आहे. प्रेमाचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. पहिला क्रमांक.' आणि निकाल वासंतीताईंना मेल केला.

त्यांचं उत्तर आलं. जाहीर करण्यासाठी नावं. तीन नंबर — उनाड, म्हणजे तो चष्मा त्याच्या आईचा असणार. पाच नंबर — निळाई, म्हणजे रश्मी, दहिसर, नवीन सदस्य.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बाल्कनी तीच होती. मी जी रस्त्यावरून मान वर करून बघायचे, तिच्या आत उभं राहून कुणीतरी हा फोटो काढला होता.

संध्याकाळी पराग बाकड्यावर आधीच येऊन बसला होता. फोटो त्यानेही बघितले होते, त्याचा चेहराच सांगत होता.

"रश्मी कोण?" मी उभ्यानेच विचारलं.

"बस तरी..."

"कोण?"

"आईच्या ओळखीतली. ते लोक घरी आले होते... बघायला. मग ती अशीच एक-दोनदा आली. तिला फोटोंची आवड आहे म्हणून पारकट्ट्याचं मीच बोललो. मला काय माहीत, ती नेमका तोच पाठवेल!"

"आणि चहावर बिस्किट?"

"सवय लागलीय," तो म्हणाला.

कशी गंमत आहे बघा. आमच्या घरातली मुलगी त्या घराला चालणार नव्हती. आमच्या घरातली रीत मात्र बिनबोभाट जिना चढून त्यांच्या कठड्यावर जाऊन बसली होती.

"ठरलंय?"

"पुढच्या महिन्यात साखरपुडा."

"मला कधी सांगणार होतास?"

"तुझी फेरी झाल्यावर... तू इतकी एक्साइट झाली होतीस ना, क्षितिजा."

"वा! परीक्षणावर परिणाम नको म्हणून? केवढी काळजी रे तुला!"

"टोमणे मारू नकोस ना यार."

"बरं, नाही मारत. आई काय म्हणाली माझ्याबद्दल, तेवढं सांग."

पलीकडे गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"पराग, आई नाही म्हणाली का?"

"ती हो म्हणालीच नसती. तुला माहितीये आमच्याकडे कसं आहे ते. नुसतं आडनाव ऐकलं तरी..."

"ऐकवलंस तू?"

"ऐकवून काय होणार होतं?" तो अगदी हळू बोलला. "उगीच तिचं बीपी..."

म्हणजे विचारलंच नव्हतं. मी वर्षभर एका 'नाही'ची तयारी करत होते. त्याची आई काय बोलेल, मी काय उत्तर देईन, बाबांना कसं समजावीन... रात्र रात्र मनात भांडले होते त्या बाईशी. त्या बिचारीला मी आहे हेच माहीत नव्हतं. माझं नाव त्या घरात कुणी घेतलंच नव्हतं. त्याचा राग आला की नाही, सांगता येत नाही. लाज वाटली मात्र खूप, आणि ती मला का वाटावी, तेही कळेना.

"एक रिक्वेस्ट आहे," तो म्हणाला. "निकाल बदलशील? सात नंबरचाही छान आहे."

"सात नंबरवाल्याचं बोट आलंय लेन्सवर."

"क्षितिजा, प्लीज. पहिल्या नंबरला परीक्षक फोन करतो. तू तिच्याशी बोलणार... उगीच कशाला?"

तर ही भीती होती. मी जाईन याची नव्हती, मी बोलेन याची होती.

"पाच नंबर चांगला आहे," मी म्हणाले. "माझ्यासाठी नसला तरी चांगला आहे. आणि मी तिला काही सांगायला जाणार नाही, पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तेवढं तू अगोदरच सांगून टाक तिला. एकदा तरी काहीतरी स्वतःच्या तोंडाने बोल."

मी निघाले. तो मागे येईल असं वाटत होतं. रस्ता ओलांडेपर्यंत वाटत होतं. रिक्षात बसल्यावरसुद्धा मी रिक्षावाल्याला "भैया, एक मिनिट रुको," म्हणाले. तो नाही आला.

निकाल मी आहे तसा लावला. लिहिलेला एक शब्द बदलला नाही. लोकांनी टाळ्यांची चिन्हं टाकली. 'तिखटमीठ आज चक्क गोड!' असंही कुणीतरी लिहिलं. मग दोन दिवस मी फोन केला नाही, त्याला वेळ मिळावा म्हणून. रविवारी सकाळी रश्मीचा नंबर फिरवला.

"तिखटमीठताई?" आवाज फार आनंदी होता. "अहो, तुम्ही लिहिलेलं मी आईला वाचून दाखवलं! मला तर रडूच आलं. मला वाटलेलं, नुसता चहाचा फोटो, कुणाला काय कळणार... तुम्हाला कसं कळलं सगळं?"

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. दोन दिवस होते त्याच्याकडे.

"फोटो छान होता," मी म्हणाले. "पुढचा विषय आता तुम्ही द्यायचा. वासंतीताईंचा ई-मेल देते, लिहून घ्या."

तिने लिहून घेतला. मी ठेवणारच होते.

"ताई, आमचा परागपण आहे पारकट्ट्यावर. उनाड. ओळखता तुम्ही?"

'हो, तिथं भेटतो आम्ही,' एवढं म्हणून सुटता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं ते.

"ओळखते," मी म्हणाले. "आम्ही लग्न करणार होतो. परवा परवापर्यंत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "रश्मी, गॅस बारीक कर गं," कुणीतरी ओरडलं. तिने केला नसावा, कारण दुसरी शिट्टीही झाली.

"मला बोलला नाही तो," ती म्हणाली.

"मलाही तुझं बोलला नव्हता."

"तुमच्यात भांडण झालं होतं?"

"नाही गं. आमची जात वेगळी. म्हणून त्याने आईला विचारलंच नाही."

मला वाटलं, आता ती चिडेल, मला खोटं पाडेल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं.

"तुम्हाला... अजून हवाय तो?" तिने विचारलं.

असा माणूस कुणाला हवा असतो, असं मी ठणकावून म्हणायला हवं होतं. तिखटमीठ असंच म्हणाली असती. पण गालावर डाग घेऊन हसणारा तो मुलगा... मला फार आवडायचा हो. त्या सकाळीही आवडत होता.

"हो," मी म्हणाले.

"मला पण," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग मीही रडले. ती दहिसरला, मी मीरा रोडला. फोन दोघींनीही ठेवला नाही. तिने त्याच्या घरी काय सांगितलं, त्याने काय उत्तर दिलं, मला कधी कळलं नाही. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला.