ड्रमच्या तळाचा पांढरा थर

बरणीचं झाकण उघडलं आणि प्रयोगशाळेतल्या चौघांनी एकदमच नाकाला रुमाल लावला. आतला मांसाचा तुकडा सडला होता. फॉर्मालिनमधला तुकडा वर्षानुवर्षं सडत नाही, म्हणून तर तो त्यात ठेवतात. दुसरी बरणी उघडली, तिचीही तीच गत. दोन रोग्यांच्या अंगातून काढलेल्या गाठी तपासणीआधीच वाया गेल्या होत्या.

दुपारपर्यंत गुन्हेगारही ठरला. रुग्णालयात हे काम झटपट होतं, विशेषतः गुन्हेगार सगळ्यांत खालच्या पायरीवरचा असेल तर. बावीस वर्षं बरण्या भरणाऱ्या मावशींपुढे कबुलीचा कागद सरकवला गेला: ‘मी फॉर्मालिनमध्ये नेमापेक्षा जास्त पाणी घातलं.’ चार वाजेपर्यंत सही, नाहीतर उद्यापासून घरी.

“जीव गेला तरी सही करणार नाही,” मावशी म्हणाल्या. “न केलेलं पाप मी का पदरात घेऊ?”

तीन वाजता सुरक्षा तपासनीस बाई आल्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. मोठे डॉक्टर त्यांना आधी चहा पाजू पाहत होते. बाईंनी आधी मावशींना गाठलं.

“रोज काय करता, सांगा.”

“भाऊसाहेब ड्रमच्या नळातून कॅन भरून स्टोअरच्या दारात देतात. त्यातलं एक माप घेते, त्यात नऊ मापं पाणी. डोळे मिटून करीन.”

“या आठवड्यात काही वेगळं वाटलं?”

“वास मेला होता, बाई. एरवी डोळ्यांतून पाणी काढतो. मी भाऊसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्हाला सर्दी झालीय.”

भाऊसाहेब म्हणजे स्टोअरचे प्रमुख. ते बाईंना घेऊन स्टोअरमध्ये गेले. खोली कोरडी आणि उबदार, मागच्या भिंतीतून गरम पाण्याचा नळ गेलेला. कोपऱ्यात निळा ड्रम, त्याला लागूनच भाऊसाहेबांचं टेबल. वरचा पंखा बंद होता.

“पंखा?”

“बिघडलाय. दुरुस्ती करून घ्यायचीय.”

“ड्रम कधी हलवला होता?”

“छे! सहा महिने जागचा हललेला नाही.”

बाईंनी ड्रम जरासा कलता करवला. खाली धूळ होती, आजूबाजूला होती तेवढीच. ड्रमवरचं लेबल फुगून सुटलं होतं आणि त्यावरची शाई ओघळली होती. हातमोजे आणि मास्क चढवून बाईंनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि लगेच बंद केलं. तळाशी, नळाच्या पातळीखाली, चुन्यासारखा जाड पांढरा थर बसला होता.

“बघा!” भाऊसाहेब म्हणाले. “पाणी घातलं की असाच गाळ धरतो. मी नसताना मावशींनी ड्रममध्येच ओतलं असणार.”

“शीतगृहाची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडेच. पण तिथे फक्त औषधं असतात.”

“उघडा.”

शीतगृहात औषधांचे खोके रचलेले होते. बाईंनी वाकून सगळ्यांत खालच्या खोक्याच्या पुठ्ठ्याजवळ नाक नेलं आणि त्या खोकत मागे आल्या. डोळे पुसत त्यांनी सगळ्यांना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. घड्याळात पावणेचार झाले होते.

“फॉर्माल्डिहाइड हा मुळात वायू,” बाईंनी सुरुवात केली. “तो पाण्यात विरघळवला की फॉर्मालिन. त्याला थंडी सोसत नाही. गारठला की त्याचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि पांढरे होऊन तळाशी बसतात. पॅराफॉर्माल्डिहाइड म्हणतात त्याला. मग वर उरतं ते दुबळं पाणी. मावशी मापं बरोबर घेत होत्या, पण मापात दमच नव्हता.”

“पण पाणी घातल्यावर—” भाऊसाहेब म्हणाले.

“पाणी घातलं असतं तर थर बसलाच नसता. तो दाट द्रावणातच बसतो. सहा महिने न हललेल्या ड्रमखाली धूळ कशी शिरली? कोरड्या खोलीत लेबल कसं भिजलं? गार ड्रम उबेत आणला की त्याला घाम फुटतो, म्हणून. आणि औषधांच्या पुठ्ठ्याला फॉर्मालिनचा वास कसा? पंखा बंद पडला आणि टेबलालगतच्या ड्रमची वाफ तुमच्या डोळ्यांना सोसवेना. तो दुरुस्त करायचा सोडून तुम्ही ड्रम शीतगृहात ढकललात. औषधांशेजारी हे ठेवायला बंदी आहे, म्हणून आज बरण्या सडल्याचं कळताच तो गुपचूप परत आणलात आणि बोट मावशींकडे दाखवलंत.”

“थंडीत सगळंच टिकतं, असं वाटलं मला,” भाऊसाहेब पुटपुटले.

मोठ्या डॉक्टरांनी कबुलीचा कागद फाडला. “झालं गेलं. आपण तांत्रिक बिघाड असं लिहू. घरातलं घरात मिटेल.”

“माझ्या वेळी माणूस सापडला,” मावशी कडाडल्या, “आणि यांच्या वेळी बिघाड? त्या दोन रोग्यांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागणार. कशामुळे, ते यांनी त्यांना सांगायचं. आत्ता, माझ्यासमोर.”

मोठे डॉक्टर काही बोलणार होते, पण बाईंनी फोन आधीच भाऊसाहेबांपुढे ठेवला होता. भाऊसाहेबांनी पहिल्या रोग्याच्या घरचा नंबर लावला. पलीकडे कुणा बाईचा काळजीतला आवाज आला.

“नमस्कार. रुग्णालयाकडून एक चूक झाली आहे—”

“रुग्णालयाकडून नाही,” मावशी म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी फोन तोंडाजवळ आणला.

“माझ्याकडून,” ते म्हणाले.