बाई, ओटी भरली का?

"बाई, ओटी भरली का?"

एवढंच विचारायचं होतं. रुपाली आणि जमनीनं पैज लावली होती. आणि पैज म्हटली की मी मागं सरत नाही, हे आता अख्ख्या शाळेला माहीत आहे.

आधीच सांगते, हे घडलेलं आहे. माझ्याच बाबतीत घडलेलं आहे. ज्याला थाप वाटते त्यानं सरळ आमच्या गावी यावं, नेरहून बस मिळते. आई चहा पाजेल. मी भिंतीवरची रेघ दाखवीन.

ही गोष्ट यंदाची, २००५ ची दिवाळी होऊन गेल्यावरची. आणि रात्रीची नाही.

दुपारची. लख्ख उन्हातली.

मी नववीत आहे. याच वर्षी शाळेच्या कबड्डी संघात माझी निवड झाली. त्याआधी मागच्या बाकावर मी आहे की नाही हे हजेरी घेणाऱ्या बाईंनाही कळायचं नाही. आता मैदानावर पोरी माझं नाव ओरडायच्या. बाभुळगावला सामना होता. चौघींनी मला धरलं. मी फरफटत रेषेपर्यंत गेले, हात टेकवला, आणि नडगीत कट्ट वाजलं.

गुण मिळाला. पाय मोडला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. ते निघेपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही, म्हणाले. मला... जी बाजारात जाताना पण धावत जाते, तिला.

आता आमचं घर कसं आहे ते सांगते. गावाच्या अगदी कडेला. समोर एक खोली, मागं चूल, आणि बाजूच्या खिडकीतून आमचंच शेत. यंदा कापसाला भाव नव्हता. भाव येईल तेव्हा विकू म्हणून ज्यानं त्यानं कापूस घरातच भरून ठेवला होता. आमच्या समोरच्या खोलीत अर्धी जागा कापसाची, अर्धी माणसांची. माझी खाट त्या ढिगाला लागूनच होती, कारण दुसरीकडं जागाच नव्हती.

ज्यांनी असं घर पाहिलं नाही त्यांना एक सांगते.

कापसाच्या खोलीत आवाज मरतो.

तुम्ही बोलता ते तुमच्या तोंडापाशीच राहतं. अंगाला सारखी खाज. आणि थंडीत त्या ढिगाची ऊब येते... कोणी बाजूला झोपल्यासारखी.

सकाळी आई-बाबा वेचणीला गेले की मी एकटी. काय करणार? छताचे टीन बघून झाले. चिंचोक्यांनी स्वतःशीच खेळून झालं, दोन्ही बाजूंनी मीच रडीचा डाव खेळले. रेडिओचे सेल संपले. आईनं वाती वळायला सांगितल्या, त्या इतक्या वळल्या की गावातल्या सगळ्या देवांना वर्षभर पुरतील. प्लास्टरच्या आत खाज सुटायची तेव्हा स्वेटरची सुई घालून खाजवायची. बाहेर दूर डोमाजीच्या गिरणीची पुकपुक चालायची, तेवढीच सोबत.

मी वाट पाहायची ती फक्त संध्याकाळच्या हाकेची.

वेचणी संपली की आई बांधावर उभी राहून मोठ्यानं हाक मारते, "चाला वं बायाहो, सुट्टी झाली." मग सगळ्या बाया कंबर सरळ करतात आणि घरी निघतात. ती हाक ऐकली की मला वाटायचं, चला, माझीपण सुट्टी झाली.

एका रविवारी रुपाली आणि जमनी आल्या. बोरं आणली, प्लास्टरवर पेनानं फुलं काढली, मैदानावर माझ्या जागी कोण खेळते ते सांगून माझं डोकं फिरवलं. मग रुपाली खिडकीतून बघत बसली.

"ते कोन वं तिकडं?"

शेताच्या पार टोकाला एक बाई वाकून वेचत होती. फिकं हिरवं लुगडं. दुपारच्या जेवणाची वेळ होती, बाकीच्या बाया लिंबाखाली बसलेल्या. ही एकटीच.

आमच्याकडं यावरून एक बोलणं आहे. वेचणाऱ्या बाया कमरेला लुगड्याची ओटी बांधतात, कापूस तिच्यात टाकत जातात, भरली की ढिगावर रिकामी करतात. बाजूच्या बाईला सहज विचारतात, ओटी भरली का. पण टोकाच्या ओळीत एकटी वाकलेली बाई दिसली तर तिला हे विचारायचं नसतं.

विचारलं की ती येते. जिथून विचारलं तिथं, ओटी रिकामी करायला.

"मोठी वाघीण झाली नं तू," रुपाली म्हणाली. "विचार मंग."

जमनी म्हणाली, राहू दे. पण तीपण हसत होती.

मी खिडकीचे गज धरले आणि मैदानावर दम घेतल्यासारखा श्वास भरून ओरडले. "बाई, ओटी भरली का?"

लिंबाखालच्या बायांपैकी कोणीच वळून पाहिलं नाही.

ती बाई मात्र थांबली.

हळूहळू कंबर सरळ केली... आणि पाठमोरी तशीच उभी राहिली.

जमनीनं खिडकी लावून घेतली. आम्ही खूप हसलो. जरा जास्तच हसलो.

संध्याकाळी मी आईला विचारलं, पलीकडच्या टोकाला आज कोण होतं. आई भाकर थापत होती. म्हणाली, "तिकडची वेचणी तं कधीच झाली. रित्या पऱ्हाटीत कोन जाईन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाती वळत होते. दाराला बाहेरून कडी. खिडकी बंद.

अचानक काहीतरी कमी झालं.

काय ते लगेच कळलं नाही. मग कळलं... गिरणीची पुकपुक थांबली होती. छतावर चिमण्या टिवटिवायच्या, त्याही गप्प.

आणि माझ्या गालाला वारा लागला.

कापसावर कापूस पडला की आवाज होत नाही. नुसती हवा हलते. फस्स... अशी.

ढिगाच्या वरून काही बोंडं घरंगळत आली आणि माझ्या चादरीवर थांबली. ताजी. दवानं ओलसर. भर दुपारी.

मग पुकपुक परत सुरू झाली.

उंदीर असेल, मी स्वतःला सांगितलं. पण त्याच संध्याकाळी ढिगाची कड जिथं होती तिथं भिंतीवर लाल पेनानं रेघ मारून ठेवली. मी काही अशीच घाबरणारी पोरगी नाही. पुरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पुकपुक थांबली. हवा हलली.

तिसऱ्या दिवशीही.

आठवडा झाला नसेल, माझी रेघ कापसाच्या आत गेली.

मी बाबांना दाखवलं. सगळं सांगितलं, पैजेसकट. त्यांनी ढिगात हात घालून पाहिला. कापूस पांढराशुभ्र, लांब धाग्याचा, आमच्या शेतात कधी येत नाही असा.

"कापूस वाढून राह्यला तं रडतं काहून पोट्टे?" बाबा म्हणाले. "लोकाइचा उंदरं खाऊन राह्यले."

आईनं ढिगाला हळदीकुंकू वाहिलं, समोर नारळ ठेवला. मी म्हटलं, मला चुलीपाशी तरी झोपवा. तर तिथं धूर, खोकला लागेल, पाय हलेल. एवढा वेळ धीर धरला, आता थोडक्यासाठी हाड वाकडं जुळलं तर जन्माची लंगडी होशील, कबड्डी विसर. दोघांचं म्हणणं एकच.

आणि तीच तर माझी भीती होती. मला परत मैदानावर जायचं होतं. उडी मारून पळावं तर पाय कायमचा जाईल. पडून राहावं तर...

ढीग रोज जवळ येत होता.

आधी खाटेचा एक पाय कापसात बुडाला. मग दुसरा. झोपेत कूस बदलली की नाकातोंडात धागे जायचे. दिवसा मला झोप येईना. बसवत नव्हतं, पडवत नव्हतं. चिंचोके हातात घेऊन नुसती कान देऊन असायची, पुकपुक चालू आहे ना... चालू आहे ना...

एका दुपारी ती थांबली तेव्हा मी ठरवलं, बोलायचं. चौघींच्या हातून सुटलेली पोरगी आहे मी.

"पुरे झालं वं बाई," मी म्हटलं. "जाय आता."

शब्द तोंडापाशीच राहिले.

हवा हलली नाही.

उलट... खाट करकरली.

पायथ्याशी कोणीतरी बसलं. थकलेलं माणूस बसतं तसं, सगळं वजन सोडून. मग एक लांब श्वास ऐकू आला. दिवसभर वाकून काम केलेल्या बाईचा असतो तसा.

मी डोळे घट्ट मिटले होते. प्लास्टरच्या आत, नडगीपाशी... ऊब चढत गेली. हळूहळू, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. जणू कोणी आत हात घालून दाबून दाबून काही भरत होतं.

केव्हा संपलं माहीत नाही. आईची हाक ऐकली, "सुट्टी झाली", तेव्हा मी डोळे उघडले. पायथ्याच्या चादरीवर खळगा पडलेला होता.

प्लास्टर काढायला बाबा मला यवतमाळला घेऊन गेले. कंपाउंडरनं कापायला सुरुवात केली. प्लास्टरच्या खाली दवाखान्याचा कापूस गुंडाळलेला असतो, पातळ, स्वच्छ. तो दिसला.

आणि त्याच्या खाली दुसरा कापूस दिसला.

शेतातला. सरकीसकट. मध्ये वाळक्या पानांचा चुरा. बोटांपासून गुडघ्यापर्यंत नीट दाबून भरलेला.

डॉक्टर मलाच रागावले. खाज सुटली म्हणून काय वाटेल ते कोंबायचं का, म्हणाले. सांगा आता, सुईनं एवढा कापूस कोणी आत भरू शकतं? बाबांनी खाली वाकून त्यातली एक सरकी उचलली आणि खिशात टाकली.

आणि पायाचा एक्स-रे काढल्यावर डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे?

हाड इतकं छान जुळलं आहे की मोडलं होतं हे सांगावं लागेल.

म्हणजे तिनं माझं चांगलं केलं की वाईट, हेसुद्धा मला ठरवता येत नाही.

नंतर भाव जरासा चढला. बाबांनी वाट न पाहता सगळा कापूस गाडीत भरून दिला. आईनं खोली झाडली, शेणानं सारवली. माझी लाल रेघ परत दिसायला लागली. आवाज परत आला, मी टाळी वाजवली तर भिंतीवरून घुमली. मी खोलीभर हळूहळू चालले. पाय दुखला नाही.

वाटलं, गेली.

आज शेतात जाण्याआधी आईनं ती खोली पुन्हा सारवली. दुपारी मी भात खात होते. गिरणीची पुकपुक थांबली.

मी समोरच्या खोलीत जाऊन पाहिलं.

सारवलेल्या भुईवर, बरोबर मधोमध... ओटीभर कापूस.

सारवण अजून ओलं होतं. त्यावर माझ्याशिवाय कोणाचंच पाऊल नव्हतं.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. मी या खोलीत पडून रोज सुट्टीच्या हाकेची वाट पाहिली. आई सगळ्या बायांना हाक मारते. टोकाच्या ओळीतल्या त्या एकटीला मात्र कोणी हाक मारतच नाही, कारण ती तिथं नसते म्हणे. मग तिला कसं कळणार, काम संपलं, घरी जायचं?

तिचं घर कोणतं, हेही मला माहीत नाही. तेवढं मात्र सारखं मनात येतं. तिला बोलावलं ते या घरातून, आणि बोलावणारी मी.

आत्ता आई-बाबा शेतातून आले. त्यांनी कापूस पाहिला. आईनं आज हळदीकुंकू काढलं नाही. बाबा उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं.

"उद्या सांजच्याले हाक मी मारीन. पार त्या टोकापर्यंत चालत जाईन. तुम्ही दोघं घरातच बसा, अन् खिडकीतून पाहा."

आई काही बोलणार होती, पण मी तिला बोलू दिलं नाही.

"मी एकटी आली, तरच दार उघडा."