बर्फाखालचे तळहात

चाव्या ठेवा टेबलावर आणि बसा. सरोवरापलीकडचा पिझ्झा काय, उद्याही मिळेल. गोठलेलं सरोवर पांढरं दिसलं की तुम्हाला ते पक्कंच वाटतं. रेनो तुमच्यासारखा दीडशहाणा नव्हता. त्याला बर्फाची सगळी अक्कल होती आणि तरी तो त्यावर गाडी घेऊन गेला.

रेनो म्हणजे बेटावरचा सुतार, माझा मित्र. चार वर्षांपूर्वीचा जानेवारी, तिसरा शनिवार. पश्चिमेकडे बर्फाच्या वादळात घरंच्या घरं गाडली जात होती, आणि इथे दोन दिवस एप्रिलसारखं ऊन. लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडत होते, भलतेच खूश. बर्फ पातळ झाला म्हणून संध्याकाळी सरोवरावरचा गाड्यांचा रस्ता बंद केला. नाताळची जुनी झाडं आपण खुणेला रोवतो ना, ती सगळी उपटून काठावर टाकली. झाड नाही म्हणजे रस्ता नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

रात्री अकराला वारा फिरला आणि वादळ आपल्यावर आलं. थोड्या वेळातच रेनोच्या कर्स्टीला दम्याचा झटका आला. सहा वर्षांची पोर. तिचा पंप संपला. ओठ निळे पडायला लागले. अँब्युलन्सला फोन लावला तर उत्तर आलं, "या वाऱ्यात हेलिकॉप्टर उडणार नाही. पलीकडच्या काठावर अँब्युलन्स उभी करतो. काहीही करून तिला आणा."

"डार्लिन, तिला घे," रेनो बायकोला म्हणाला.

"अरे, झाडं काढलीत."

"मग काय करू? इथे बसून बघत राहू?"

डार्लिननं पोरीला ब्लँकेटात गुंडाळलं.

पिकअपमध्ये पट्टे लावले नाहीत. दोन्ही दारं उघडी बांधून ठेवली, बुडालोच तर उडी मारता यावी म्हणून. बर्फाचे सपकारे थेट तोंडावर. दोन मैल जायचं होतं. अर्ध्यावर गेले आणि... मागची चाकं खचली. कडाड आवाज झाला. दारातून पाणी आत आलं. इंजिन बंद पडलं. दिवे गेले.

"उडी मार," रेनो म्हणाला.

"कुठे?"

डार्लिननं पाय खाली सोडून पाहिला. नुसतं पाणी. आणि कर्स्टीच्या छातीतली शिट्टी... थांबली होती.

रेनो मला हे सांगताना ढसाढसा रडला. म्हणाला, "मी नुसत्या देवाला नाही रे हाक मारली. जो कुणी ऐकत असेल, त्याला मारली. या सरोवरात बुडालेल्यांनासुद्धा."

आणि गाडी वर आली.

इंजिन बंद. चाकं फिरत नव्हती. गाडी चालली होती... हळू. खालून पत्र्यावर थप... थप... थप. दोघं एकमेकांकडे बघत होते.

मग लाल दिवा दिसला. अँब्युलन्सचा. पोरीच्या तोंडावर मास्क बसवला, आणि बऱ्याच वेळानं ती खोकली. वाचली.

रविवारी उजाडताच गाडी ओढून पलीकडच्या गॅरेजात नेली. रस्ता बंद झाल्यामुळे मी त्याच काठावर अडकलो होतो, म्हणून तिथे होतो. मेकॅनिकनं ती लिफ्टवर वर घेतली. खालच्या पत्र्यावर बोटभर जाडीचा बर्फ गोठला होता. त्यात तळहात उमटलेले. पुढून मागेपर्यंत. मोठे, रुंद, काही बायकांचे असावेत...

आणि गाडीत डार्लिन पोरीला मांडीवर घेऊन जिथे बसली होती, बरोबर त्या जागेच्या खाली दोन तळहात... एवढेसे. चारेक वर्षांच्या पोराचे.