पॅसेजमध्ये सिग्नल पडतो

सासूबाईंनी स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि वर चढलेल्या सुनेला त्या एकसारख्या बजावत होत्या, "सांभाळून गं. त्या डबीपायी कंबर मोडून घेशील."

डबी म्हणजे राउटर. या भाड्याच्या घरात राहायला आल्यापासून त्या डबीनं दोघींच्या नाकी नऊ आणले होते. आधी ती टीव्हीमागे होती, मग खिडकीत आली, मग जेवणाच्या टेबलावर, आणि आज तिची रवानगी कपाटाच्या माथ्यावर होत होती.

"माझ्या लग्नासाठी स्थळं बघितली नसतील एवढ्या जागा बघून झाल्या हिच्यासाठी," सासूबाई म्हणाल्या.

सून हसली, पण तिचं लक्ष हातातल्या मोबाइलवर होतं. हॉलमध्ये सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. ती स्टुलावरून उतरली आणि पॅसेजमधून मागच्या खोलीकडे चालू लागली. पॅसेजच्या मध्यावर रेघा एकदम गळाल्या. खोलीत पोचेपर्यंत जेमतेम एक उरली, तीही आता जाते की मग जाते, अशी.

आणि काम तर मागच्या खोलीतच करायला हवं होतं. ती खुणांच्या भाषेची दुभाषी होती. कर्णबधिर माणूस इस्पितळात गेला की तिकडून व्हिडिओ कॉल यायचा. डॉक्टर बोलायचे ते ही हातांनी सांगायची, आणि पेशंटचे हात बोलायचे ते ही तोंडानं. लोकांची दुखणी, त्यांच्या खाजगी गोष्टी. हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून करायचं काम नव्हतं ते. त्यातून आवाज तुटला तर पुढचा शब्द अंदाजानं तरी जोडता येतो. हात मधेच गोठला की समोरचा माणूस अर्ध्या वाक्यात लोंबकळत राहतो.

त्या दिवसांत तिच्याकडे एक म्हातारा शिंपी होता. जन्मापासून ठार बहिरा, आणि स्वभावानं महाखट्याळ. बहिरी माणसं एकमेकांना नावाऐवजी खूण देतात. यानं पहिल्याच कॉलला स्वतःच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि तिचं नाव ठेवलं, भुवई. 'बोलताना तुझे हात कमी आणि भुवयाच जास्त नाचतात,' म्हणाला. सर्जनचं नाव ठेवलं कात्री. 'जन्मभर मी कापलं, आता हा मला कापणार.' पोटात गाठ होती. ती लवकर काढायला हवी होती.

डबी कपाटावर चढली त्याच दुपारी शिंप्याचा कॉल आला. सर्जन भूल कशी देतात ते समजावून सांगत होते, ही हातांनी सांगत होती, आणि मधेच चित्र अडकलं. पडद्यावरचा शिंपी तोंड अर्धवट उघडं ठेवून पुतळ्यासारखा थिजला. तिनं हात खाली घेतले आणि वाट बघत बसली. थोड्या वेळानं चित्र पुन्हा हललं, तेव्हा शिंपी वैतागलेला दिसत होता.

'तेच तेच का विचारतेस?'

'मी काहीच विचारलं नाही,' तिनं हातांनी सांगितलं. 'चित्र अडकलं होतं.'

'चेहरा अडकला होता तुझा. हात चालू होते.'

लाइन कमजोर असली की असं होतं, हे तिला ठाऊक होतं. चित्राचे तुकडे पडतात, एक तुकडा शिळा, एक ताजा. तिनं तसं समजावलं. मग सहज विचारलं, 'काय विचारत होते हात?'

'भूल दिल्यावर तू कुठे असशील?' शिंप्यानं खांदे उडवले. 'कुठे असणार? खाटेवरच की!'

ती हसली. पण कॉल संपल्यावर बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

पुढच्या काही दिवसांत तिनं करायचं ते सगळं केलं. राउटर बंद करून चालू केला. पासवर्ड बदलला. शेजाऱ्यांच्या राउटरच्या लहरींची गर्दी होते असं कुणी सांगितलं म्हणून चॅनल बदलला. मायक्रोवेव्हही सिग्नल बिघडवतो म्हणून त्याची पिन काढून ठेवली, त्यामुळे सासूबाईंनी चहा गॅसवर गरम करता करता डबीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवरा लांबच्या साइटवर कामाला होता. तो फोनवर म्हणाला, "अगं, जुनं घर आहे, भिंती जाड असतील." भिंती जाड होत्या हे खरं. पण भिंत काही दुपारी जाड आणि सकाळी पातळ होत नाही. सकाळी सिग्नल बरा असायचा. तिचा कॉल सुरू झाला की पडायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती तिनं कुणाला सांगितली नाही. काम करताना तिची पाठ दाराकडे असायची. चित्र अडकलं, सगळं शांत झालं, की मागून एक बारीक आवाज यायचा. तळव्यावर तळवा घासल्याचा, बोटावर बोट आपटल्याचा. बाहीची सळसळ. दुसऱ्या कुणाला तो ऐकूही आला नसता. पण तिचं अर्धं आयुष्य त्या आवाजात गेलं होतं. खुणांच्या भाषेत कुणी बोलत असलं की असाच आवाज येतो.

वळून बघितलं की दारात कुणी नसायचं. पॅसेजमध्ये तेवढा बंद पेटीतल्या कपड्यांसारखा दमट वास असायचा.

पुढच्या कॉलला शिंप्यानं थट्टा केली नाही. चित्र अडकून सुटलं तेव्हा तो खाटेवर मागे सरकून बसला होता.

'ते हात तुझे नाहीत,' तो म्हणाला. 'तुझ्या बोटात अंगठी आहे. त्या हातात नाही. ते तुझ्या मागून येतात.'

तिनं मागे बघितलं नाही. बघवलंच नाही.

'मी ऑपरेशन करून घेणार नाही. कात्रीला सांग.'

सर्जन चिडले. "मॅडम, तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत? मागच्या वेळी तर तयार होते! उशीर झाला तर जिवावर बेतेल, कळतंय ना?"

"डॉक्टर, मी फक्त तुमचं बोलणं..." ती म्हणाली.

तिनं त्याच दिवशी इंटरनेटवाल्याला बोलावलं.

तो आला भर दुपारी. तोंडाची टकळी चालू, खांद्याला पिशवी. राउटरशी उभा राहून त्यानं स्पीड तपासला. "झकास आहे, ताई! कंपनीकडून काही कमी नाही." मग मोबाइल समोर धरून तो पॅसेजमध्ये शिरला आणि मध्यावर थबकला. भिंत ठोकून बघितली. "इथून पाण्याची लाइन जाते का हो?"

"नाही. पाण्याचा काय संबंध?"

"पाणी सिग्नल पिऊन टाकतं. माशांची मोठी टाकी मधे आली की पलीकडे काही पोचत नाही. माणूससुद्धा तसाच, सगळं पाणीच तर असतं आपल्यात. थांबा, दाखवतो." तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "आता तुम्ही मधे या. हं, इथेच. बघा, पडला की नाही?"

रेघा खरंच उतरल्या होत्या.

"आता व्हा बाजूला."

ती बाजूच्या झोपायच्या खोलीच्या दारात सरकली. तो मोबाइलकडे बघत राहिला.

"व्हा ना बाजूला, ताई."

"झालेच की मी."

त्यानं मान वर केली. पॅसेज मोकळा होता. पार टोकाला हॉल दिसत होता, कपाट दिसत होतं, कपाटावरच्या डबीचा हिरवा दिवा दिसत होता. मधे काहीच नव्हतं. त्यानं पुन्हा मोबाइलकडे बघितलं. आपोआप एक रेघ चढली. मग सगळ्या चढल्या.

"आला ना?" ती म्हणाली.

"आला नाही..." तो म्हणाला. "हललं."

तो एक पाऊल खोलीत मागे आला. रेघा पडल्या. आणखी मागे आला. अजून पडल्या. मागे सरत सरत त्याची पाठ खिडकीला टेकली, तेव्हा शेवटची रेघही गेली. दमट वास आता खोलीत आला होता.

"ताई..." तो पुटपुटला. "इकडे या ना जरा."

ती जागची हलली नाही. हलता आलंच नाही. दोघंही तसेच उभे राहिले. हॉलमधून टीव्हीच्या मालिकेतलं रडणं ऐकू येत होतं आणि सासूबाई त्या मालिकेतल्या सुनेला मोठ्यानं शहाणपण शिकवत होत्या. हळूहळू वास विरला. रेघा परत आल्या.

त्यानं लगबगीनं पिशवीतून वायरचं भेंडोळं काढलं, राउटरपासून भिंतीच्या कडेकडेनं खिळे ठोकत ती वायर तिच्या टेबलापर्यंत आणली आणि कॉम्प्युटरला जोडली. एक खिळा तर वाकडाच बसला.

"आता वायफायवर काम करू नका," तो दारात म्हणाला. "वायरच्या मधे कुणाला उभं राहता येत नाही."

"पण ते होतं काय?"

"भिंत असेल."

"भिंत हलते का हो?"

बुटांच्या नाड्या न बांधताच तो जिना उतरला.

वायरवरचा पहिला कॉल आरशासारखा स्वच्छ होता. शिंप्याच्या गालावरचे पांढरे खुंटसुद्धा दिसत होते. तो बराच वेळ तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला.

'आज तू एकटीच आहेस,' शेवटी तो म्हणाला. मग विचारलं, 'तू सांग, भुवई. जाऊ?'

दुभाष्यानं स्वतःचं मत द्यायचं नसतं. या कामातला तो पहिला धडा. माणसाचं बोलणं इकडून तिकडे न्यायचं, बस्स. पण त्याच्या पोटात गाठ होती आणि दिवस निघून चालले होते. सर्जन हातातल्या कागदात डोकं घालून वाट बघत होते. तिला वाटलं, आता वायर आहे. आता मधे कुणी येऊ शकत नाही.

'जा,' तिनं सांगितलं. 'मी आहे ना.'

शिंपी हसला. हातानं कात्री चालवून दाखवली, आणि संमतीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी तिला चैन पडेना. ती टेबलाशी बसली, उठली, स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना न लागणारी मदत करून आली. शिंप्याला आत नेल्याचा निरोप इस्पितळातून आला. त्यानंतर थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं, की पॅसेजमध्ये वास नाही. मुळीच नाही. तिनं मोबाइल घेतला, जीव मुठीत धरून पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितला. सगळ्या रेघा भरलेल्या. मध्यावरही, दारातही, अगदी तिच्या टेबलावरही. पुन्हा चालली, पुन्हा बघितलं. एक रेघ हलली नाही. मधे कुणी नव्हतंच.

"सुटलो बाई त्या डबीच्या कटकटीतून एकदाचे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं. ऑपरेशन उत्तम झालं, गाठ अख्खी निघाली, असा निरोप आला तेव्हा तर तिनं सासूबाईंना मिठीच मारली. त्या गडबडून म्हणाल्या, "अगं, मी काय केलं?"

शिंपी खाटेवर उठून बसायला लागल्यावर पुढचा कॉल झाला. चित्र स्वच्छ. तो उशांना टेकून बसला होता, केस नीट विंचरलेले, हात पांघरुणावर. तिनं त्याला हात हलवला. त्यानंही हलवला. चेहऱ्यावर हसू होतं, पण कुणाची तरी नवी ओळख करून घेताना असतं तसं. तिला वाटलं, थकलाय बिचारा.

सर्जन खाटेकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. तोंडाला मास्क, हातात औषधांचा कागद. कागदावरून नजर न काढता ते म्हणाले, "टाक्यांपाशी ओढल्यासारखं होतं का, विचारा त्यांना."

शिंप्याचे हात उठले. 'नाही,' ते म्हणाले. 'आता अंग छान बसलंय.'

"नाही म्हणतायत," सवयीनं ती म्हणाली. "अंग छान बसलंय."

"व्हेरी गुड," सर्जन म्हणाले आणि काहीतरी लिहू लागले.

शिंपी तिच्याकडेच बघत होता. टक लावून, डोळ्याची पापणी न हलवता.

तिनं खाली बघितलं. प्रश्न विचारायला तिचे हात अजून उचललेच गेले नव्हते. ते तसेच तिच्या मांडीवर होते.