पॉइंटमधला कागद

दसऱ्याच्या सकाळी विहारातून बाहेर पडल्यावर संघमित्रा घरी गेली नाही. अंगावरच्या पांढऱ्या साडीतच तिने चारकोपच्या नाक्यावर रिक्षा पकडली आणि अंधेरीतल्या इंडस्ट्रियल इस्टेटचा पत्ता सांगितला. मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत एक्स-रेचं जुनं, खाकी पाकीट होतं. छत्तीस वर्षं सांभाळलेलं ते पाकीट आज एका माणसासमोर उघडायचंच, असं ठरवून ती निघाली होती.

त्या माणसाचं नाव काशीराम गावडे. त्याच्या मुलाने, सुयोगने, जुन्या कामगारांच्या घरोघरी मोबाईलवर निमंत्रण धाडलं होतं. 'गावडे मोटर्स. पन्नास वर्षांपूर्वीचं गॅरेज, जसंच्या तसं. दसऱ्याला नक्की या.' खाली फेटा बांधलेल्या काशीरामचा फोटो. पाठवणाऱ्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. ते सगळं घडलं तेव्हा तो पाळण्यातही नव्हता.

संघमित्राला मात्र सगळं माहीत होतं. तिचे बाबा, सीताराम, या गॅरेजचे मिस्त्री होते. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारे. गिऱ्हाईक दारात यायचं ते 'सीताराम आहे का?' विचारत, आणि मालक काशीराम गल्ल्यावर बसून ते ऐकत राहायचा. एकोणनव्वदच्या दसऱ्याला लँडमास्टर गाडीच्या एका मालकाने बाबांना वेगळं गॅरेज काढून द्यायचं ठरवलं होतं. त्या सकाळी बाबा विहारात जाऊन पंचशील घेऊन आले, आणि त्या गाडीमालकासमोर लँडमास्टर सुरू करायला पुढून हँडल मारायला वाकले. हँडल उलटं आलं. उजव्या मनगटाचा चुरा झाला.

हँडल उलटं येतं ते ठिणगी वेळेआधी पडली की. ठिणगीची वेळ ठरते डिस्ट्रिब्युटरवर, आणि बाबांनी तो आदल्या दिवशी स्वतः बसवून, त्याच्यावर आणि इंजिनावर समोरासमोर पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके दिले होते. मोडका हात छातीशी धरून त्यांनी बॉनेटमध्ये पाहिलं तेव्हा ठिपक्यांमध्ये अंगठाभर अंतर पडलेलं होतं. डिस्ट्रिब्युटर कुणीतरी फिरवला होता. सकाळपासून गॅरेजात काशीरामखेरीज कुणीही नव्हतं.

हाताचं दुःख माणूस गिळतो. पण त्या दिवशी काशीरामने सगळ्यांना सांगितलं, "सकाळीच टाकून आला होता. प्यायलेल्या माणसाचा हँडलवर हात राहील कसा?" ज्या सकाळी बाबांनी मद्य न घेण्याचं पाचवं शील पुन्हा उच्चारलं, त्याच सकाळी. लँडमास्टरच्या मालकाने पाठ फिरवली. त्यानंतर बाबांच्या हातात पाना राहिला नाही. वॉचमनची काठी आली. ते गेले तेव्हाही कुजबुज होतीच की बाटलीने गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी थेंब घेतला नव्हता.

संघमित्रा एक्स-रे टेक्निशियन झाली ती या मनगटापायीच. पाकिटातली फिल्म त्याचीच होती, वाकडं सांधलेलं हाड आणि आत मोडून राहिलेलं तारेचं टोक. आज तिला एवढंच हवं होतं. काशीरामने चार माणसांत म्हणावं, सीताराम प्यायला नव्हता.

शोरूम थंडगार होतं. काचेमागे चकचकीत जुन्या गाड्या होत्या, आणि एका कोपऱ्यात ते 'जसंच्या तसं' गॅरेज मांडलेलं. ग्रीसगन, लांब चोचीच्या तेलाच्या बुधल्या, पायपंप, बॅटरीचं पाणी तपासायची काचेची नळी, पान्यांची रांग. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. माणसं फोटो काढत होती, 'आमच्या पप्पांकडे हे होतं' म्हणून हळहळत होती. संघमित्रालाही गलबलून आलं, आणि त्याचाच तिला राग आला. यांतल्या निम्म्या वस्तूंवर तिच्या बाबांचा हात फिरलेला होता, आणि नाव गावड्यांचं होतं.

तेवढ्यात तिला वास आला. रॉकेल आणि लाकडाचा भुसा. संध्याकाळी बाबा याच दोन गोष्टींनी हात चोळून घरी यायचे.

"रॉकेल ठेवलंय का कुठे?" तिने सुयोगला विचारलं.

"नाही हो ताई. आता रॉकेल मिळतं कुठे? सकाळीच रूम फ्रेशनर मारलाय." त्याने नाक वर करून हुंगलं आणि खांदे उडवले.

भिंतीवर खिळ्याला हँडल टांगलेलं होतं, वाकडं, लोखंडी, लाकडी मुठीचं. तिने मूठ धरली. मूठ कोमट होती, आत्ताच कुणी हातातून सोडल्यासारखी. तिने एसीकडे पाहिलं. थंड हवेचा झोत सरळ त्या भिंतीवर पडत होता.

हँडलखाली लँडमास्टर उभी होती. तीच. जुन्या मालकाने ती पुन्हा सुरूही न करता काशीरामलाच विकून टाकली होती.

"ही नुसती शो आहे ताई," सुयोग म्हणाला. "वरून रंग, क्रोम झकास केलंय. इंजिनला मात्र हात लावू दिला नाही पप्पांनी. पार जाम आहे. बॅटरी नाही, टाकीत थेंब नाही. पप्पा हँडल मारतायत असा व्हिडिओ काढायचाय फक्त. बॉनेट उघडून बघा हवं तर." पाहुणे आले म्हणून तो दाराकडे धावला.

संघमित्राने बॉनेट उचललं.

बॅटरीची जागा खरंच रिकामी होती. इंजिनावर जुन्या तेलाचा थर होता. आणि त्या थरातून दोन पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. दोघांमध्ये अंगठाभर अंतर.

तिने हात टेकून श्वास घेतला. छत्तीस वर्षं पुरावा इथे, याच्याच घरात, झेंडूच्या माळा घालून उभा होता.

मग तिला आठवला कागद. बाबांची एक सवय होती. टायमिंग नीट जुळल्याशिवाय ते डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या पॉइंटमध्ये, ठिणगी पाडणाऱ्या दोन टोकांच्या मध्ये, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवून ठेवायचे. कागद असेपर्यंत ठिणगी पडत नाही, चुकून कुणी हँडल मारलं तरी लागत नाही. त्या दिवशी मनगट लोंबत असताना, डाव्या हाताने झाकण काढून, त्यांनी आत कागद घातला होता. घरी आल्यावर आई, चंपा, धाय मोकलून रडत होती, आणि बाबा म्हणाले होते, "कागद घालून आलोय. आता दुसऱ्या कुणाला लागायचं नाही." नऊ वर्षांच्या संघमित्राला तेव्हा बाबांचा नाही, पण त्या कागदाचा राग आला होता. दुसरा कुणी म्हणजे काशीरामच ना!

तिने झाकणाचे दोन्ही चाप काढले. कागद तिथेच होता. पांढराशुभ्र. इतक्या वर्षांत तो पिवळा पडून चुरा व्हायला हवा होता.

बॅटरी नाही, पेट्रोल नाही, इंजिन जाम. काढला तरी काही होणार नाही. बाबांची आठवण म्हणून न्यावा, तिने स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं, आणि तिला ते कळत होतं. इंजिन फिरत नाही तोवर पॉइंट उघडत नाहीत; घट्ट धरलेला कागद ओढला तर फाटणार. तिने चिमटीत धरून हलकेच ओढला.

आत 'टक' असा बारीक आवाज झाला आणि कागद सुळकन हातात आला. पलीकडून कुणी पॉइंट उघडून धरावेत तसा.

तिने तो एक्स-रेच्या पाकिटात टाकला, झाकण बसवलं, बॉनेट मिटलं. 

काशीराम सुयोगच्या खांद्यावर हात ठेवून आला. चौऱ्याहत्तरीचा, फेटा, तांबूस गाल. तिला पाहून त्याने डोळे बारीक केले आणि सीतारामची मुलगी ओळखली.

"सीतारामाचां चेडू ना गो तू? बरां झालां इलंस."

"काका," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला, आणि आजूबाजूचे वळून पाहू लागले. "त्या दिवशी माझे बाबा प्यायले होते का?"

काशीरामने फेटा सावरला. मग तो हसला.

"जाऊ दे गो बाय. गेलेल्या माणसाचं काय काढायचं? हात सोन्याचा होता त्याचा. एवढी सवय नसती तर..." त्याने अंगठा तोंडाशी नेला आणि घोट घेतल्याची नक्कल केली. दोघेतिघे ओशाळवाणं हसले.

सुयोगने भिंतीवरचं हँडल काढून वडिलांच्या हातात दिलं. "पप्पा, नुसतं धरून वाका. फिरणार नाही ते."

"बघा हां सगळे," काशीराम मोबाईलकडे बघून म्हणाला. "अंगठा असा, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मूठ आवळायची नाही. सीताराम हेच विसरला."

हँडल गाडीच्या नाकात बसलं.

'थांबा' हा शब्द संघमित्राच्या जिभेवर होता. आज सकाळीच तिने पहिलं शील म्हटलं होतं, कुठल्याही जिवाला इजा करणार नाही म्हणून. तिने तोंड मिटून घेतलं.

काशीराम वाकला, जोर दिला, आणि हँडल सहज फिरलं.

"अरे, फिरतंय! सुयोग, फिरतंय बघ!" लहान मुलासारखा त्याचा चेहरा उजळला. त्याने पुन्हा जोर दिला.

एकच धडाका झाला.

हँडल उलटं आलं. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेतही ऐकू गेला.

मग नुसतं काशीरामचं ओरडणं, आणि जळक्या पेट्रोलचा वास.

सुयोगने हँडल उपसायला धरलं. ते तसूभरही हललं नाही. इंजिन जाम होतं.

"आमचं हॉस्पिटल पुढच्याच गल्लीत आहे," संघमित्रा म्हणाली. "एक्स-रे मीच काढते. चला."

हॉस्पिटलातल्या एक्स-रे मशीनलाही आज माळ घातलेली होती. संघमित्राने माळ बाजूला केली आणि काशीरामचा सुजलेला हात टेबलावर ठेवला. तो विव्हळला. सुयोग उघड्या दारात उभा होता, आणि त्याच्या मागे ड्यूटीवरच्या डॉक्टर मृणालिनी.

"हात पालथा. हलवायचा नाही," संघमित्रा म्हणाली आणि बटणापाशी जाऊन थांबली.

ती दाबेना.

"काढ ना गो," काशीराम म्हणाला. कपाळावरून घाम गळत होता.

"माझे बाबा प्यायले होते?"

"संघमित्राताई, काय चाललंय?" मृणालिनी म्हणाली. संघमित्राने तिकडे पाहिलंच नाही.

"मी दिवसभर थांबेन, काका."

काशीरामने मुलाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या हाताकडे.

"नव्हता," तो म्हणाला. "प्यायला नव्हता तो. डिस्ट्रिब्युटर मी फिरवला. तो गेला असता तर माझं गॅरेज बसलं असतं."

सुयोग दाराची चौकट धरून उभा राहिला.

संघमित्राने दरवाजा लावून बटण दाबलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिला पोटातून हलकं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

चित्र पडद्यावर आलं. मृणालिनीने चष्मा वर केला.

"ताई, दुसऱ्याच कुणाचा लागलाय का हा? हे हाड कधीच जुळून गेलंय. वाकडं जुळलंय. तीसेक वर्षं तरी झाली असतील. आणि ही तार कसली आत? आजचं फ्रॅक्चर कुठाय?"

संघमित्रा त्या तारेकडे बघत राहिली. बाबांच्या हाडात मोडून राहिलेलं, स्वल्पविरामाएवढं टोक. ते तिला पाठ होतं. पडद्यावर नाव मात्र काशीरामचं, तारीख आजची.

तिने पिशवीतून पाकीट काढलं, फिल्म ओढली आणि भिंतीवरच्या, फिल्म बघायच्या जुन्या दिव्याच्या डब्यावर लावली. मग पाकीट तळहातावर उलटं करून झटकलं. त्यातून कागद पडला नाही.

तिने वर फिल्मकडे पाहिलं. कोपऱ्यात सीतारामचं नाव होतं, एकोणनव्वदची तारीख होती. मनगट धडधाकट होतं. चीर नाही, तार नाही. अंगठा आणि तर्जनी मात्र जवळ आलेली होती, आणि त्या चिमटीत एक बारीक, चौकोनी पट्टी धरलेली होती.

कागद एक्स-रेत उमटत नाही. वीस वर्षं ती हेच काम करत होती.